बालीला जायचंय? आधी यादीला कात्री लावा

सुट्टी जवळ आली की सहलीविषयीची पत्रे येऊ लागतात. पूर्वी त्यांत महाबळेश्वर, गोवा, फार तर काश्मीर असे. आता बँकॉक, सिंगापूर आणि बाली हीच नावे जास्त. यंदा एका वाचक भगिनीने बालीविषयी सविस्तर पत्र लिहिले आहे. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, त्यानिमित्त पहिलाच परदेशप्रवास. बरोबर यजमान, कॉलेजात जाणारी मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. पैसे बाईंनी स्वतः पाच वर्षे दरमहा रिकरिंगमध्ये टाकून साठवलेले. टूर कंपनीने दिलेला कार्यक्रम पत्राला जोडला आहे : सहा दिवस, सोळा ठिकाणे. "हे सगळं जमेल का?" असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या अगदी शेवटी मात्र एक ओळ आहे, "सहा दिवस मला कुणी 'आज जेवायला काय' असं विचारू नये, एवढीच माझी इच्छा आहे."

सोळा ठिकाणांपेक्षा ही एक ओळ महत्त्वाची. सहलीचा बेत करताना आपण काय काय बघायचे त्याची यादी करतो, आणि घरातल्या प्रत्येकाची हौस तिच्यात घालतो. मुलीचा समुद्र, यजमानांचा ज्वालामुखी, सासूबाईंची देवळे, शेजारणीने सांगितलेला बाजार. यादी करणाऱ्या बाईची विश्रांती तेवढी त्यात नसते. म्हणून आज बालीचा बेत करू या, पण उलट्या बाजूने. काय गाळायचे ते आधी ठरवू.

नकाशा आधी नीट बघा

बाली हे इंडोनेशियाच्या हजारो बेटांपैकी एक. आकाराने आपल्या गोव्याच्या साधारण दीडपट. नकाशावर बघितले की वाटते, एवढेसे तर बेट, दिवसात दोन टोके होतील! तिथेच हिशेब चुकतो. मधोमध डोंगर आणि ज्वालामुखी, रस्ते अरुंद आणि वाहनांची ही गर्दी. विमानतळ दक्षिणेला देनपसार शहराजवळ आहे. तिथून उबुद हे गाव जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण दीड तास सहज लागतो आणि संध्याकाळी दोनसुद्धा. उबुदहून दक्षिण टोकाच्या उलुवातूला जायला दोन तास. उत्तरेचा लोविना किनारा, जिथे पहाटे डॉल्फिन बघायला नेतात, तो दक्षिणेकडून डोंगर ओलांडून अडीच-तीन तासांवर.

आता टूर कंपनीच्या कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे गाडीतले तास पेन्सिलीने लिहा आणि बेरीज करा. आलेल्या कार्यक्रमात एका दिवशी सकाळी लोविना आणि सूर्यास्ताला उलुवातू आहे. म्हणजे आठ तास गाडीत. दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्यांपेक्षाही गाडीत तासन्‌तास दुमडून बसण्याचा त्रास अधिक, हे ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांना सांगायला नको.

आणखी एक बघा. कार्यक्रमात 'कॉफीचा मळा', 'चांदीकाम केंद्र', 'बाटिक केंद्र' असे थांबे असतात. बहुतेकदा ती दुकानेच असतात. कॉफीच्या मळ्यात लुवाक नावाच्या उदमांजरासारख्या प्राण्याच्या विष्ठेतून निवडलेल्या बियांची महाग कॉफी विकतात. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी ते प्राणी पिंजऱ्यात ठेवलेले असतात. असे थांबे निःसंकोचपणे गाळायला सांगा. तासभर तरी वाचतो, पैसे वाचतात ते वेगळेच.

केव्हा जावे

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे तिथला पाऊस आपल्या उलटा. साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे हवा चांगली असते, आणि आपल्याकडे जूनमध्ये छत्र्या निघतात तेव्हा तिथे ऊन असते. नाताळची सुट्टी मात्र ऐन पावसात येते, शिवाय त्या दिवसांत आणि जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलचे दर चढलेले असतात. मे, जून किंवा सप्टेंबर हे सोयीचे महिने.

मार्चमध्ये जाणार असाल तर एक तारीख अवश्य तपासा. बालीत बहुसंख्य लोक हिंदू आहेत आणि तिथे शक संवत्सर पाळतात, आपल्या शालिवाहन शकाचेच. त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस म्हणजे न्येपी. २०२६ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. २०२५ साली एका दिवसाचा फरक : न्येपी २९ मार्चला, पाडवा ३० ला. (एखाद्या वर्षी अधिक मासामुळे महिन्याचाही फरक पडतो, २०२४ साली तसेच झाले.) आपण पाडव्याला गुढी उभारतो, शोभायात्रा काढतो. ते लोक त्या दिवशी संपूर्ण मौन पाळतात. चोवीस तास रस्त्यावर कुणी नाही, दिवे मंद, दुकाने बंद, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनाही हॉटेलाच्या आवाराबाहेर जाता येत नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमांची मिरवणूक निघते, ती बघण्यासारखी असते. माहीत असून गेलात तर हा अनुभव फार सुंदर. माहीत नसेल तर सहा दिवसांतला एक दिवस गेला म्हणून हळहळत बसाल.

सोळाची सहा करा

चार माणसे, त्यांत एक वृद्ध, आणि सहा रात्री. एवढ्यासाठी मुक्कामाची दोनच ठिकाणे ठेवा : आधी तीन रात्री उबुद, मग तीन रात्री सानूर. दर दिवसाआड बॅगा भरायच्या म्हणजे त्या कुणी भरायच्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे!

उबुद हे भातशेतीच्या कुशीतले गाव. पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. विमान बदलून आलात तर रात्रीची झोप झालेली नसते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे सकाळ लवकर झाल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार आणि कमळांच्या तळ्यामागचे सरस्वतीचे देऊळ, दुपारी झोप, संध्याकाळी राजवाड्याच्या अंगणातला लेगोंग नाच. तिसऱ्या दिवशी दोनच ठिकाणे : तीर्थ एंपुल, म्हणजे झऱ्याच्या पाण्याची कुंडे असलेले देऊळ, आणि भाताची खाचरे.

खाचरांसाठी तेगालालांग जवळचे, पण तिथे उतरायला पायऱ्याच पायऱ्या आणि गर्दीही फार. सासूबाईंना वरच्या उपाहारगृहात बसूनच सगळे दिसते, खाली उतरण्याचा आग्रह नको. वेळ असेल तर थोडे लांबचे जातीलुविह अधिक शांत आहे. तिथली खाचरे नुसती छायाचित्रासाठी नाहीत, हे मुलीला जरूर सांगा. सुबाक नावाच्या शेतकऱ्यांच्या मंडळ्या शेकडो वर्षे पाटाचे पाणी आपसांत वाटून घेत आल्या आहेत. कुणी केव्हा पेरायचे, कुणाला पाणी आधी, हे पाण्याच्या देवळात बसून ठरते. २०१२ साली युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाचा मान दिला.

मग सानूर. नावाजलेला कुता किनारा सोडून सानूर का? कुत्याला लाटा उंच आणि ओढ जोराची, तो लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचा किनारा. सानूरला समुद्रात प्रवाळाची भिंत असल्याने किनाऱ्याजवळचे पाणी शांत असते. वाळूच्या कडेने कित्येक किलोमीटर सपाट, फरसबंद वाट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही रोज सकाळी तिथे चालता येते, आणि सूर्योदय तर समोरच. विमानतळही जवळ, त्यामुळे परतीच्या दिवशी धावपळ नाही.

सानूरच्या तीन दिवसांत एकच बाहेरचा कार्यक्रम ठेवा : दुपारी निघून उलुवातू. समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावरचे देऊळ आणि सूर्यास्ताच्या वेळी केचक नृत्य. पन्नास-साठ पुरुष वर्तुळात बसून नुसत्या 'चक-चक' आवाजाच्या तालावर रामायण उभे करतात. वाद्य एकही नाही. आजचे केचक १९३० च्या दशकात आकाराला आले. सीताहरण, जटायू, हनुमान हे ओळखायला भाषा लागत नाही, सासूबाईच तुम्हाला गोष्ट समजावून सांगतील. बसायला पायऱ्या आहेत, म्हणून वेळेआधी पोचून खालची, कडेची जागा धरा.

आणि एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. कागदावर त्या तारखेपुढे 'काही नाही' असे लिहाच. लिहिले नाही तर कुणीतरी तिथे काहीतरी घालणार.

नुसा पेनिदा बेट, बातूर ज्वालामुखीवरची मध्यरात्रीची चढाई, बसाकिहच्या मोठ्या देवळाच्या असंख्य पायऱ्या, हे सगळे या खेपेला गाळले. मुलगी नाराज होईल. तिला सांगा, ती ठिकाणे जागची हलत नाहीत, तू मैत्रिणींबरोबर जा पुढे. सासूबाईंना मात्र तीन दिवस गाडीत आणि चौथा दिवस हॉटेलच्या खोलीत पाय चोळत काढायला लागता कामा नये.

फिरण्यासाठी चालकासह गाडी दिवसभराला ठरवणे उत्तम. साधारण सहा ते आठ लाख रुपियांत आठ-दहा तासांसाठी मिळते. आकडा ऐकून दचकू नका, हिशेब पुढे सांगते.

लाखांचा हिशेब

तिथले चलन रुपिया. हे लिहिताना आपल्या एका रुपयाला पावणेदोनशे ते दोनशे रुपिया असा दर आहे. बाजारात चटकन हिशेब करायची युक्ती अशी : शेवटची तीन शून्ये झाकायची आणि उरलेल्या आकड्याला पाचाने गुणायचे. एक लाख रुपिया म्हणजे शंभर गुणिले पाच, पाचशे रुपये. खरी रक्कम याहून थोडी जास्त भरते. म्हणजे सहा लाखांची गाडी तीन हजारांच्या थोडी वर.

आता आवश्यक खर्च. भारतीयांना तिथे उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन व्हिसा मिळतो. माणशी पाच लाख रुपिया, मुदत तीस दिवस. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताने प्रत्येक परदेशी पाहुण्यावर दीड लाख रुपियांचा कर बसवला आहे. चौघांचे मिळून सव्वीस लाख रुपिया, म्हणजे चौदा हजार रुपयांच्या आसपास. टूरच्या जाहिरातीतल्या आकड्यात हे धरलेले असतातच असे नाही. विचारून घ्या. व्हिसा आणि कर दोन्ही सरकारी संकेतस्थळांवरूनच भरा. हुबेहूब तशी दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी पाने पुष्कळ आहेत.

पासपोर्टची मुदत पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. सासूबाईंचा पासपोर्ट कपाटातून काढून आजच बघा. परतीचे तिकीट लागते. कस्टम आणि आरोग्याची माहितीही निघण्यापूर्वी ऑनलाइन भरायची असते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस नावाचा कर घेते. तो ज्यांच्या नावावर जमा होतो त्यांना आयकराचे विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. पैसे तुमच्या साठवणीतले असतील तर पावती तुमच्याच पॅनवर घ्या, आणि ती जपून ठेवा.

रोख पैसे बदलताना रस्त्याकडेला 'सर्वांत चांगला दर' अशी पाटी लावलेल्या टपरीत जाऊ नका. नोटा मोजता मोजता हातचलाखीने काही खाली सरकवतात. अधिकृत दुकानात जा, शेवटची मोजणी आपल्या हाताने करा आणि मग त्या पुन्हा त्यांच्या हाती देऊ नका. हॉटेलच्या दरपत्रकावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे दिसली तर समजा, कर आणि सेवाशुल्क वेगळे. बिल वीस टक्क्यांच्या आसपास वाढते.

जेवणाचे काय?

आता मुख्य गोष्ट. टूरवाले 'स्वयंपाकघरासह व्हिला' स्वस्तात सुचवतील. मैत्रिणींनो, घेऊ नका! ओटा दिसला की चहा होणार, चहा झाला की पोहे होणार, आणि पोहे झाले की आमटीभाताला कितीसा वेळ लागतो, असे कुणीतरी म्हणणारच. विजेचा कुकर आणि डाळतांदूळही घरीच राहू द्या. सकाळचा नाश्ता समाविष्ट असलेले साधे हॉटेल घ्या, शक्यतो तळमजल्याची खोली किंवा लिफ्ट आहे ना, ते विचारून.

शाकाहारी माणसांची बालीत उपासमार होत नाही. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, ताहू म्हणजे टोफू, गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याचा रस्सा. आपल्या जिभेला हे चटकन रुचते. नासी गोरेंग हा परतलेला भात सगळीकडे मिळतो. मात्र एक सावधगिरी : भाजीत, भातात, चटणीत कोळंबीची आंबवलेली गोळी घालतात, तिला तेरासी म्हणतात. नुसते 'व्हेज' सांगितले तर वाढणाऱ्याच्या मनात ती येत नाही. गादो-गादोवर अंडे आणि कोळंबीचे पापडही असतात. म्हणून ही चार वाक्ये चिठ्ठीवर लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा :

तांपा दागिंग : मांस नको
तांपा इकान : मासे नकोत
तांपा तेलुर : अंडे नको
तांपा तेरासी : कोळंबीची गोळी नको

कुता, उबुद, सानूर या भागांत भारतीय खानावळीही आहेत. दोन दिवसांनी वरणभाताची आठवण झालीच तर तिथे जावे. बरोबर चिवडा, खाकरे, मेतकूट, थोडे लाडू पुरेत. उपवास असेल तर पपई, केळी, शहाळे, मँगोस्टीन भरपूर मिळते. ताजी फळे, रोपे, बिया मात्र इथून नेऊ नका. नळाचे पाणी पिऊ नका, बाटलीबंदच प्या, दातही त्यानेच घासा.

थोडी भाषाही कामाची, आणि ती फार परकी नाही. भाषेला ते 'बहासा' म्हणतात, नावाला 'नामा', बायकोला 'इस्त्री' आणि नवऱ्याला 'सुआमी'! किंमत विचारायला 'बेरापा', आभाराला 'तेरिमा कासिह'. बालीतले लोक एकमेकांना 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणतात. हात जोडून तुम्हीही म्हणा, समोरच्याचा चेहरा खुलतो.

देवळात आणि रस्त्यावर

देवळात जाताना कमरेला सारोंग गुंडाळून वर पट्टा बांधावा लागतो, बायकांनी आणि पुरुषांनीही. बहुतेक ठिकाणी तो दाराशी मिळतो. मासिक पाळीत देवळात येऊ नये, अशी पाटी प्रवेशद्वाराशी असते. पटो न पटो, आपण त्यांच्या घरचे पाहुणे, तेव्हा तो त्यांचा नियम. त्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. घ्यायच्याच तर डॉक्टरांना विचारून. देवळाचा दिवस आगेमागे करता येईल असा ठेवा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

रस्त्यावर, दुकानाच्या उंबऱ्याशी, दुचाकीवरसुद्धा नारळाच्या किंवा ताडाच्या कोवळ्या पानांच्या लहानशा टोपल्या दिसतील, आत फुले, तांदूळ आणि वर उदबत्ती. त्यांना चनांग सारी म्हणतात. तिथल्या बायका त्या रोज विणतात, मुख्यतः घरच्या बायकाच. त्या ओलांडू नका, पायाखाली येऊ देऊ नका.

माकडांपासून सांभाळा. उलुवातूची माकडे चष्मा, टोपी, फोन शिताफीने पळवतात. सासूबाईंचा जादा चष्मा बरोबर घ्या. बालीत २००८ पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आढळतो. कुत्रा किंवा माकड चावले, ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. 'बघू उद्या' चालणार नाही. डासांमुळे डेंग्यूही होतो, त्यामुळे मलम लावा. गुडघेदुखीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. तिथले अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत. म्हणून कुणाचेही बंद पुडके 'तेवढे पोचवा' म्हटले तरी घेऊ नका.

प्रवासविमा उतरवाच, आणि सासूबाईंचे जुने आजार त्यात लिहून घ्या. लपवलेत तर ऐन वेळी विमा नाकारतात. नैसर्गिक आपत्तीचे कलमही बघा. २०१७ च्या नोव्हेंबरात आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात तर फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या राखेने बालीची कितीतरी उड्डाणे रद्द झाली. भाड्याची स्कूटर मुलीला मोह घालेल. दुचाकीचा रीतसर परवाना नसेल तर अपघाताचे पैसे विमा देत नाही, एवढे तिला आधीच सांगून ठेवा.

कामाची वाटणी

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, "अहो, म्हणजे ही सगळी तयारी पुन्हा मलाच ना?" नाही! निघण्याच्या महिनाभर आधी एका रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांना बसवा आणि कामे वाटा. कागदावर नावे घालून कपाटाच्या दारावर चिकटवा.

यजमान : पासपोर्ट, व्हिसा, कर, विमा, पैसे बदलणे.
मुलगी : विमानाचे कागद, फोनमधले सिमकार्ड, नकाशे, गाडी ठरवणे, रोज कुठे जेवायचे ते शोधणे.
सासूबाई : स्वतःची औषधे, त्यांची यादी, वाटेतला खाऊ.
आणि तुम्ही : तुमची स्वतःची बॅग.

वीज २३० व्होल्टच, पण तिथे दोन गोल छिद्रांची बटणे असतात. आपल्या तीन पिनांसाठी ॲडॅप्टर लागतो. तो आणायचे काम यजमानांकडे. प्रत्येकाने आपली बॅग आपण भरायची आणि आपणच उचलायची. "माझा टॉवेल कुठे?" याला त्या सहा दिवसांत एकच उत्तर : "तुझ्याच बॅगेत." पहिल्या दिवशी कुणाचे मोजे राहतील, कुणाचा चार्जर राहील. राहू देत. तिथेही दुकाने आहेत.

कठीण जाते ते आपल्यालाच. कुणी काही विसरले की हात आपोआप पुढे होतो. वीस-पंचवीस वर्षांची सवय, ती विमानात बसल्याबरोबर कशी सुटेल? पण घरच्यांना जमत नाही म्हणून आपण करतो, की आपण करतो म्हणून त्यांना जमत नाही, हे बघायला सहा दिवस चांगले आहेत. सासूबाईंशीही आधी मोकळेपणाने बोला. त्यांनीही आयुष्यभर सगळ्यांची ताटे वाढली आहेत. सुनेने आयते जेवावे, यात त्यांना वावगे वाटेलच असे आपण का धरून चालायचे? कदाचित त्यांच्याही मनात तेच असेल, फक्त त्यांना कुणी विचारले नसेल.

आणि परतीचा दिवस

बहुतेकींचा बेत विमानतळावर संपतो. घराचे दार उघडले की समोर चार बॅगांचे कपडे, रिकामा फ्रीज आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे डबे. सहा दिवसांची विश्रांती एका संध्याकाळी संपते. म्हणून रजा एक दिवस जास्तीची घ्या आणि तोही बेतातच धरा. जाण्यापूर्वी दूधवाल्याला परतण्याची तारीख सांगा. पोळीभाजीच्या बाईंना त्या दिवसाचे दोन वेळचे डबे आगाऊ सांगून ठेवा. धुण्याचे कपडे परतण्याआधी बालीतच एका पिशवीत वेगळे काढा. तिथे गल्लोगल्ली धोबीकामाची दुकाने आहेत, किलोवर कपडे धुऊन घडी करून देतात, तेही स्वस्तात. म्हणजे बॅगा उघडल्या तर आत घडीचेच कपडे.

तो जास्तीचा दिवस खर्चात कमी धरू नका. चार माणसांच्या परदेशी सहलीच्या हिशेबात दोन डबे आणि एक रजा म्हणजे काय मोठी रक्कम? पण सहल खरोखर सगळ्यांची झाली की तिघांचीच, हे त्याच दिवशी कळते.

पुढच्या वेळी : पावसाळ्याआधी कपाटे, पुस्तके आणि रेशमी साड्या कशा जपाव्यात.